मिस्टरला न दिलेलं आमंत्रण

आमच्या गावात माणसाची पत त्याच्या जमिनीवरून ठरत नाही, स्लावाच्या दिवशी त्याच्या दारात किती माणसं येतात त्यावरून ठरते, असं म्हणायची पद्धत आहे. मी इतकी वर्षं बघतेय, ज्याची जमीन जास्त त्याच्याच दारात माणसं जास्त. तेव्हा दोन्ही हिशेब अखेरीला एकाच ठिकाणी येऊन थांबतात. पण म्हणायला बरं वाटतं, म्हणून म्हणायचं.

स्लावा म्हणजे ज्याच्या त्याच्या कुळाच्या संताचा दिवस. गाझ्दा मिलिवोय यांच्या घराण्याचा संत निकोला, आणि तो येतो ऐन नाताळाआधीच्या उपासात. त्यामुळे त्यांच्याकडे मांस नसतं, पण तिसा नदीतला मासा इतका असतो की याला उपास कोण म्हणेल असा प्रश्न पडावा. गाझ्दा म्हणजे मोठे मालक, त्यांची वीटभट्टी आहे आणि आमच्या फुटबॉल क्लबचे ते अध्यक्ष. ज्याला घर बांधायचंय किंवा ज्याच्या पोराला संघात घुसवायचंय, असा प्रत्येक जण त्या दिवशी त्यांच्याकडे जेवतो. उरलेले लोक माशासाठी जातात.

माझा भाडेकरूही जायला हवा होता. तो गेला नाही, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

विल्फ्रेड ऑग्डन हे त्याचं नाव मला आणि पोलीस चौकीला ठाऊक. बाकी गावाला तो नुसता मिस्टर. इंग्लंडात लँकेशायरमधल्या एका गिरणगावात जन्मला. बाप मागावर, हा चेंडूमागे. मधल्या फळीत डाव्या बाजूला बरीच वर्षं खेळला, मग गुडघा गेला. गुडघा गेलेल्या इंग्लिश खेळाडूंना त्या काळात आमच्या बाजूला भाव होता. तिकडे जे मोडीत निघायचं ते इकडे गुरू म्हणून उतरायचं. मिस्टर आधी हंगेरीत होता, तिथे क्लबचा अध्यक्षच पळून गेला. मग रोमानियात, तिथे क्लब बुडाला. तिथून आमच्याकडे आला तेव्हा आमचा अध्यक्ष जागेवर होता आणि क्लब तरंगत होता, एवढ्यावरच तो खूष झाला.

पोरांना त्याने चेंडू जमिनीवरून द्यायला शिकवलं. त्याआधी आमची पोरं चेंडू आभाळात उडवायची आणि तो खाली येईपर्यंत एकमेकांच्या आया काढायची. सामन्याच्या सकाळी हंसाची चरबी लावलेला पाव त्याने बंद केला आणि ओटची लापशी सुरू केली. त्यावरून दोन आयांनी मला बाजारात गाठून जाब विचारला, जणू लापशीचा शोध मीच लावला होता. पण पहिल्याच वर्षी आम्ही रेल्वेवाल्यांच्या क्लबला हरवलं. त्या क्लबचे अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक गाझ्दा अर्कादिये. विटा आणि लाकूड यांचं आमच्याकडे घर बांधतानाही पटत नाही, मैदानावर काय पटणार. त्या दिवशी मिलिवोयनी मिस्टरला भर रस्त्यात दोन्ही गालांवर मुके दिले आणि मिस्टर आठवडाभर तो रस्ता टाळून गेला.

दुसऱ्या वर्षी पानगळीच्या दिवसांत मात्र आम्ही ओळीने हरत गेलो. मिस्टरचा करार संत सावाच्या दिवसापर्यंतचा, म्हणजे जानेवारीअखेरचा. त्या दिवशी क्लबची सभा भरते, मिलिवोय ज्या बाजूला हात वर करतात त्या बाजूला सगळ्यांचे हात वर होतात, आणि त्याला ठराव म्हणतात. मिस्टरला ठेवलं नाही तर त्याला परत जावं लागणार होतं. तिकडे भावाची कोळशाची वखार, आणि भावाने गाडीवर त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती.

“तो प्रेमाने ठेवतोय,” मिस्टर एकदा चहा पिताना म्हणाला, “तेच वाईट आहे.”

पन्नाशीला टेकलेला, एक गुडघा न वाकणारा माणूस कोळशाची पोती पाठीवर घेऊन दुसऱ्यांचे जिने चढतोय, हे चित्र त्याला रोज दिसत होतं. तो सांगायचा नाही, पण चहा गार करून प्यायचा.

आता गव्हाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही. स्लावाच्या घरात शिरलं की दारातच शिजवलेल्या गोड गव्हाचं भांडं पुढे येतं. एक चमचा खायचा, छातीवर क्रुसाची खूण म्हणजे क्रूस करायचा, चमचा पाण्याच्या पेल्यात टाकायचा आणि आत जायचं. आदल्या वर्षी संघाचा कप्तान रादोयित्साने मिस्टरला सरावावरून थेट मिलिवोय यांच्याकडे नेलं. थंडीत सकाळपासून पळालेला माणूस. त्याने भांडं हातात घेतलं, आभार मानले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि सगळं संपवलं. गावाला पुरायचा गहू. मालकीणबाई बघत राहिल्या, पण पाहुण्याच्या हातातून भांडं कोण काढून घेणार? पुढच्या पाहुण्यांसाठी शेजारपाजारची घरं धुंडाळावी लागली. ईस्टरपर्यंत गाव हसत होतं, आणि सगळ्यांत जास्त हसले ते मिलिवोय. त्यांनी त्याला पाद्रीबाबांच्या शेजारी बसवलं. आमच्या हिशेबात याचा अर्थ सरळ आहे: हा माणूस या घरचा झाला. एकदा आलेल्याने दरवर्षी यायचं. कुणी बोलवत नाही. बोलवायचं ते करवसुलीच्या साहेबाला.

तर यंदा संत निकोलाच्या सकाळी मी लवकरच मिलिवोय यांच्या स्वयंपाकघरात मासे साफ करायला गेले. निघताना मिस्टर अंगणात बूट चमकवत होता. मनात म्हटलं, येईल मागून.

घरधनी त्या दिवशी बसत नाही. मिलिवोय सकाळपासून दारात उभे, येईल त्याचे हात हातात घ्यायचे आणि त्याच्या खांद्यावरून फाटकाकडे बघायचे. पाद्रीबाबांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. रस्सा आला, गेला. भाजलेला मासा आला. मिलिवोय यांनी स्वयंपाकघरात डोकावून मला विचारलं, तुझा इंग्रज आजारी आहे का. मी म्हटलं, बूट पुसत होता. आजारी माणूस बूट कशाला पुसेल, यावर ते विचारात पडले.

आणि रिकामी खुर्ची दिसली की तिच्यावर काहीतरी बसवल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. क्लबचा खजिनदार ग्लिशा म्हणाला की मिस्टरला त्याने स्टेशनवर अर्कादियेंच्या कारकुनाशी बोलताना पाहिलं. कुणीतरी म्हणालं, टोपी काढून बोलत होता. अक्रोडाची पोळी वाढेपर्यंत अर्कादिये त्याला किती देणार हेही लोकांना कळलं होतं. रादोयित्सा एकटा म्हणत राहिला की मिस्टर तसा नाही. पण तो गोलकीपर आहे, आणि त्या वर्षी त्याच्या अंदाजांवर कुणाचा विश्वास राहिला नव्हता.

दिवेलागणीला घरी आले तर मिस्टर चुलीशेजारी बसलेला. अंगावर ठेवणीतला सूट, गळ्याला कडक कॉलर, बुटांत चूल दिसतेय. आणि शेजारी उघडी ट्रंक, तिच्यात अर्धे शर्ट.

म्हणजे ग्लिशा खरं बोलला. ग्लिशाला खरं बोलण्याची सवय नसल्यामुळे मला ते पचवायला वेळ लागला.

“माझ्याबद्दल बोलणं झालं?” मिस्टरने विचारलं.

“दुसरं काही बोलणंच झालं नाही.”

“म्हणजे ठरलं.”

“ठरवलंत तुम्ही. आम्ही काय ठरवणार?”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. गणित चुकलंय पण कुठे ते सापडत नाही, असा काहीतरी चेहरा. “मी दिवसभर इथेच बसलोय, मिसेस पेर्सा. कोणी आलं नाही.”

“कोण यायला हवं होतं?”

“सांगायला.”

“काय सांगायला?”

“या, म्हणून.”

मी त्या ट्रंकेवरच बसले, शर्टांसकट.

मग हळूहळू उलगडलं. त्याच्या देशात मेजवानीला चिठ्ठी येते, निदान निरोप तरी. त्याने आठवडाभर वाट बघितली. सगळं गाव जाणार हे दिसत होतं, आपल्यालाच तेवढं कुणी बोलवत नाही. त्यातून त्याने अर्थ काढला की करार संपला, फक्त सभ्यपणे कळवलंय. आणि कारण गहूच असणार. अर्कादियेंचा कारकून? त्याला त्याने हंगेरीची गाडी कधी सुटते ते विचारलं होतं.

मी त्याला समजावलं की स्लावाला कुणालाच बोलवत नाहीत.

“मग इतके लोक गेले ते?”

“न बोलावता.”

“आणि गेल्या वर्षी मी?”

“तुम्हीही.”

हे ऐकून त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे मी न बोलावता त्यांच्या घरात शिरलो,” तो म्हणाला, “आणि त्यांचा सगळा गहू खाल्ला.”

स्लावा दुसऱ्या दिवशीही चालते, उद्या जा, असं मी सांगून पाहिलं. त्याने मान हलवली. गेल्या वर्षीचं अजाणता झालं, ते माफ होईल. आता नियम ठाऊक असताना न बोलावता जायचं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. बोलावलं तर जाईन. यात कुठेतरी चूक होती, पण बोट ठेवायला जावं तर ती दुसरीकडेच सरकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलिवोय यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते आधी सुटल्यासारखे खुर्चीत बसले, आणि मग आदल्या दिवसापेक्षा जास्त चिडले. अर्कादियेने पळवलं असतं तर ते समजू शकत होते. त्यांना अर्कादिये समजतो.

“मग बोलवा ना त्याला,” मी म्हटलं. “दोन शब्दांचं काम.”

“पेर्सो, माझ्या आजोबांनी कुणाला बोलावलं नाही. बापाने बोलावलं नाही. संताच्या दिवशी बोलावणारा मी कोण? मी नुसता दारात उभा असतो.” त्यांनी पाय चोळले. “काल दिवसभर उभा होतो त्याच्यासाठी. पायांचे तुकडे पडले. आणि वरून मीच बोलवू?”

एक बोलावल्याशिवाय येणार नाही, दुसरा बोलावणार नाही. दोघंही सज्जन, हीच अडचण. एखादा जरी लबाड असता तर दुपारपर्यंत मिटलं असतं.

टेबलाच्या टोकाला पाद्रीबाबा स्तेवान कालचा मासा गार खात बसले होते. तोंड पुसलं, क्रूस केला, निरोप घेतला आणि बाहेर जाऊन पायरीवरून घसरले. पायरीवर बर्फ होतं हे खरं. त्या पायरीवरून ते जन्मभर उतरत आलेत, हेही खरं. खाली बसल्या बसल्या गुडघा धरून ते शांतपणे म्हणाले की या गावात गुडघ्यातलं कळणारा एकच माणूस आहे. मी विचारलं, कुठला गुडघा दुखावला. उत्तर देण्याआधी त्यांनी दोन्ही गुडघ्यांकडे एकदा बघून घेतलं.

मिस्टर आला तो जवळजवळ पळत, बगलेत मालिशच्या तेलाची बाटली, कॉलर नाही, डोक्याला टोपी नाही. पाहुणा म्हणून नव्हता आला, कामाला बोलावला होता. कामाला बोलावलेल्या माणसाला घरात यायला चिठ्ठी लागत नाही. त्याने पाद्रीबाबांना खांद्यावर घेऊन आतल्या खोलीत नेलं, संत निकोलाच्या तसबिरीखाली बसवलं आणि गुडघा चोळायला घेतला. सगळं घर कापूर आणि टर्पेंटाइनच्या वासाने भरलं. पाद्रीबाबा डोळे मिटून होते. मध्येच ते म्हणाले की दुसऱ्यालाही थोडं लावलं तर हरकत नाही.

काम संपलं आणि मालकीणबाई गव्हाचं भांडं घेऊन समोर उभ्या राहिल्या. सगळ्यांनी श्वास धरला. मिस्टरने हात पुसले, चमच्याच्या टोकावर मोजके दाणे घेतले, ते चिमणीसारखे खाल्ले, क्रूस केला तो आमच्या उलट दिशेने, आणि चमचा पेल्यात टाकला. मिलिवोय यांनी त्याच्या हातात ब्रँडीचा ग्लास दिला.

“ट्रंक कशासाठी भरली होती?” त्यांनी विचारलं.

“कोळशासाठी,” मिस्टर म्हणाला.

कुणालाच काही कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. मिलिवोय यांनी हा इंग्लिश विनोद असावा असं ठरवलं आणि मोठ्याने हसले.

मला वाटलं, मिटलं. पण कराराचं कुणी तेव्हा काढलं नाही. निघताना रादोयित्साने विषय काढला, तर मिलिवोय म्हणाले, संत सावाला बघू. घरी येताना मिस्टरने मला विचारलं की याचा अर्थ हो का नाही. मी म्हटलं, याचा अर्थ बघू. त्याने सांगितलं की त्याच्या देशात ‘बघू’ म्हणजे नाही. आमच्याकडे ‘हो’ म्हणजेसुद्धा बघू, हे मी त्याला सांगितलं नाही. त्या रात्री ट्रंक बंद झाली, पण माळ्यावर गेली नाही. खोलीच्या मधोमध पडून राहिली आणि मी झाडताना तिला ठेचकाळत राहिले.

जानेवारीत संत योवानाचा दिवस आला. आमच्या घराण्याचा नव्हे, मिलिवोय यांचाही नव्हे. तो अर्कादिये यांच्या घराण्याचा संत. मिस्टरने त्या सकाळी पुन्हा बूट चमकवले, कडक कॉलर लावली. मी विचारलं, कुठे. तो म्हणाला, फिरायला. कडक कॉलर लावून बर्फात कोण फिरतं, हा प्रश्न मला तो फाटकाबाहेर गेल्यावर सुचला.

तो संध्याकाळी परतला तेव्हा त्याला भाजलेल्या डुकराचा वास येत होता, गाल तांबडे झाले होते आणि हातात रुमालात गुंडाळलेला प्रसादाचा पाव होता.

“कुठे होतात?”

“मिस्टर अर्कादियेंकडे. दार उघडं होतं, आत स्लावाची मेणबत्ती दिसत होती.” मग फळ्यावरचं गणित बरोबर आलेल्या पोराच्या समाधानाने म्हणाला, “कोणी बोलावलं नव्हतं.”

मी कपाळाला हात लावला. “अहो, न बोलावता जायचं, पण ओळख तरी लागते ना माणसाची.”

“ओळख आहे. मी त्यांना हरवलंय.”

अर्कादिये यांनी म्हणे त्याला उजव्या हाताला बसवलं. दारात उभ्या असलेल्या शत्रूच्या माणसाला बघून ते आधी दचकले, मग स्लावा आठवली, मग दुसरंही काही आठवलं असावं. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की पुढच्या वर्षीही ही खुर्ची मिस्टरचीच. एकदा खाल्लेल्याने दरवर्षी यायचं. पण पुढच्या वर्षी यायला माणूस गावात हवा, आणि गावात असायला त्याला कुणाचा तरी पगार हवा. मिस्टरने बूट काढायच्या आत हा हिशेब गावाने माझ्या दारापर्यंत पोचवला होता.

दुसऱ्या दिवशी मी दूध तापवतेय तोच मिलिवोय दारात. मागे ग्लिशा, बगलेत कागद. मिलिवोय माझ्या घरी त्याआधी कधी आले नव्हते. माझा नवरा गेला तेव्हाही माणूस पाठवला होता. मी त्यांना बसायला ट्रंक दिली, कारण खुर्चीवर शर्ट वाळत होते.

“अर्कादियेकडे गहू खाल्लात?” त्यांनी मिस्टरला विचारलं.

“एक चमचा.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“जावं लागेल. मिसेस पेर्सा म्हणतात, एकदा खाल्लं की दरवर्षी.”

मिलिवोय यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुधाकडे बघितलं.

“माझ्याकडेही खाल्लाय तुम्ही. भांडंभर.”

“तुमच्याकडेही येणार,” मिस्टर म्हणाला. त्याने चहात दूध घातलं, ढवळलं. “मी इथे असलो तर.”

ग्लिशाने कागद टेबलावर ठेवला. दोन हंगामांचा करार, सभेची वाट न बघता. संत सावाला हात वर व्हायचे ते होतीलच. मिस्टरने सही केली, टाक पुसून परत दिला आणि त्या सकाळी चहा गरम असतानाच प्यायला.

“एक लक्षात ठेवा,” दारात वळून मिलिवोय म्हणाले, “निकोला आधी येतो. योवान नंतर.”

ते गेल्यावर मी मिस्टरला सरळच विचारलं, मुद्दाम गेला होतात का. त्याने विचारलं, कुठे. मी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मला बाजारात कोंबडी बघून ती अंडी देते की नाही ते कळतं, ग्लिशाच्या पाठीकडे बघून तो खोटं बोलतोय हे कळतं. या माणसाच्या तोंडावर काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं. ‘मी इथे असलो तर’ हे चार शब्द त्याने ज्या जागी ठेवले, तसे आमच्या गावात खुद्द अर्कादियेंनाही ठेवता आले नसते. म्हणजे पक्का. असं मी ठरवून टाकलं, ट्रंक माळ्यावर चढवली आणि तिच्यात हिवाळ्याच्या रजया भरल्या.

वसंतात बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. मिस्टरची बेकरीवाल्याशी ओळख पाव घेण्यापुरती. अंगणाचं दार उघडं होतं. हा कडक कॉलर लावून आत गेला, आहेर म्हणून मालिशच्या तेलाची बाटली दिली आणि पोटभर जेवला. नवरीकडच्यांना वाटलं नवऱ्याकडचा, नवऱ्याकडच्यांना वाटलं नवरीकडचा. घरी येऊन त्याने मला तिथे किती प्रकारचे केक होते ते सांगितलं. मी सांगितलं की लग्नाला बोलावणं लागतं. स्लावाचं वेगळं, लग्नाचं वेगळं, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं.

तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला.

“मग मला कोणी बाहेर कसं काढलं नाही?”

“आलेल्या पाहुण्याला कोण काढतं?”

“मिसेस पेर्सा,” तो म्हणाला, “मला हे गाव समजत नाही.”

मी म्हटलं, गावाचं राहू द्या, अजून दोन हंगाम आहेत. आधी मला सांगा, त्या केकांत खसखशीचा होता का.